आउटलँडर (पुस्तक): आवडलं, नाही आवडलं, अर्ध्यावर ठेवलं

मधली_सुट्टी

डायना गॅबाल्डन यांच्या 'आउटलँडर'वरून तीन वेगवेगळ्या धाग्यांवर हाणामाऱ्या चालू आहेत. त्या एका जागी याव्यात म्हणून हा धागा. इथे फक्त पहिलं पुस्तक. टीव्ही मालिकेतल्या नटाचं रूप मालिकेच्या धाग्यावर. पुढच्या आठ पुस्तकांतलं काही लिहायचं असेल तर आधी 'रहस्यभेद' असं लिहा, लोक अजून वाचतायत.

न वाचलेल्यांसाठी: महायुद्धात लष्करी परिचारिका असलेली क्लेअर नवऱ्याबरोबर, फ्रँकबरोबर, स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला दुसऱ्या मधुचंद्राला आली आहे. क्रेग ना डून नावाच्या टेकडीवर उभ्या शिळांचं वर्तुळ आहे. त्यातल्या दुभंगलेल्या शिळेतून ती थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. पहिला माणूस भेटतो तो कॅप्टन जॅक रँडल: फ्रँकचा पूर्वज, चेहरा तोच, वृत्ती राक्षसाची. त्याच्या तावडीतून मॅकेन्झी टोळीच्या हाती, तिथून लिओखच्या किल्ल्यात. टोळीत खांदा निखळलेला एक तांबड्या केसांचा पोरगा आहे, जेमी फ्रेझर. पुढचं तुम्हाला कळलंच.

पुस्तक १९९१ चं. ब्रिटनमध्ये आधी 'क्रॉस स्टिच' नावाने आलं. सात भाग, ४१ प्रकरणं, छोट्या आकाराच्या पेपरबॅकात साडेआठशेच्या आसपास पानं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेचा रिटा पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते भांडणाचं मूळ तिथेच आहे. प्रेमकथेच्या फळीवर ठेवलंय म्हणून एका जातीचा वाचक उचलतो आणि शेवटच्या पाचव्या हिश्शात त्याचे डोळे पांढरे होतात. दुसऱ्या जातीचा वाचक, ज्याला हे खरोखर आवडेल, तो मुखपृष्ठ बघूनच पुढे जातो.

माझा हिशोब: लिओखपर्यंतचा भाग उत्तम, लग्नाचा भाग अतिउत्तम, २२वं प्रकरण घशात अडकलं. होऊन जाऊ द्या.

शेवंती_वाचते

पाचपैकी साडेचार. प्रेमकथेपेक्षा क्लेअरचा आवाज आवडला. प्रथमपुरुषी निवेदन साडेआठशे पानं कंटाळा न आणता चालवणं सोपं नाही. ती शिव्या देते, दारू पिते, घाबरते, पण हात चालू असतात. जखम बघितली की आधी बोटं, मग भावना. लिओखमध्ये तिला आधीच्या वैद्याची, डेव्ही बीटनची, तळघरातली खोली मिळते. तिथल्या बरण्यांत काय काय निघतं ते वाचाच. अर्धा भाग झाडपाला, अर्धा भाग वाळवलेले किडे. कामाचं काय आणि फेकायचं काय, हे ती ज्या शांतपणे निवडते ते मला कुठल्याही चुंबनापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

सुरुवातीला ती जंतुनाशक मागते तो प्रसंगही झकास. आयोडीन? मर्थिओलेट? पातळ कार्बोलिक? समोरचे नुसते बघत राहतात. शेवटी 'अल्कोहोल' म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलतात.

सांधेजोड

खांद्याच्या प्रसंगाबद्दल थोडं, कारण तो बराच बरोबर आहे आणि कादंबऱ्यांत सहसा नसतो.

शंभरातले पंचाण्णव खांदे पुढच्या बाजूला निखळतात. दंडाच्या हाडाचा गोळा वाटीतून सुटून पुढे आणि खाली जातो, भोवतीचे स्नायू आवळतात. टोळीतले लोक करायला निघालेले असतात तसं चौघांनी धरून जोर लावला तर स्नायू आणखी आवळतात आणि गोळ्याची किंवा वाटीची कड तुटते. क्लेअर त्यांना थांबवते ते ह्याच कारणासाठी: आधी हाड योग्य कोनात यायला हवं, मगच ते आत सरकेल. तिची पद्धत कोखर या स्विस सर्जनने १८७० मध्ये लिहिलेल्या पद्धतीशी जुळते. कोपर काटकोनात, दंड अंगालगत, मनगट धरून हात सावकाश बाहेर फिरवायचा. अडेल तिथे थांबायचं, स्नायू सैल पडू द्यायचे. मग कोपर छातीवरून आत आणि वर, आणि शेवटी हात आत वळवायचा. 'खट्' होतं आणि दुखणं एकदम उतरतं. १९४० च्या दशकातल्या परिचारिकेला हे येणं अगदी शक्य आहे. आजकाल कोखर कमी करतात, कारण घाई केली तर त्यानेही हाड मोडतं.

राहिलं काय? खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, बिल्ला लावतात त्या जागेवर, स्पर्श कळतो का ते आधी आणि नंतर दोन्हीदा बघायचं असतं. तिथली नस दाबली गेलेली असू शकते. शिवाय हात दोन-तीन आठवडे झोळीत हवा. जेमी त्याच रात्री घोड्यावर. विशी-बाविशीत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हापुन्हा निखळतो. हा बाबा पुढे तलवार चालवतो, मारामाऱ्या करतो, आणि खांदा जागच्या जागी. लेखिकेची कृपा.

व्हिस्कीबद्दल: जंतू मारायला अल्कोहोल साठ ते नव्वद टक्के लागतं. बाटलीतली चाळीस टक्क्यांची व्हिस्की त्या मानाने लंगडी. भट्टीतून ताजी उतरलेली, पाणी न घातलेली असेल तर साठच्या पुढे जाऊ शकते. तेव्हा माफ.

तिरकस

सगळे प्रेमात पडलेत तर कोणीतरी खलनायक व्हायला हवं.

१) बाई दोनशे वर्षं मागे पडते आणि आठवड्याभरात किल्ल्यात कांदे-लसूण लावते. फ्रँक नावाचा नवरा आपल्याला शोधत फिरत असेल हे मधूनच आठवतं, तेही बोटातली अंगठी दिसली तर. पळायचा प्रयत्नसुद्धा नाही.
२) जेमी हा माणूस नसून यादी आहे. उंच, तांबडे केस, लॅटिन येतं, फ्रेंच येतं, घोडे कळतात, तेविसाव्या वर्षी अनुभवशून्य, आणि पहिल्या रात्रीनंतर एकदम पदवीधर.
३) तुरुंगाबाहेर क्लेअर नुसत्या हातांनी लांडगा मारते. नुसत्या. हातांनी.
४) सुटकेसाठी तुरुंगात गुरांचा कळप घुसवतात. इथे मी पुस्तक मिटून पाणी प्यायलो.

शेवंती_वाचते

@तिरकस, गुरांचा कळप मला प्रचंड आवडला होता, दिवे घ्या. पण पहिला मुद्दा चूक आहे. लिओखला टोळीचा मेळावा भरतो तेव्हा ती रात्री निसटायचा बेत करते, तबेल्यात जेमीच्या पायात अडखळते आणि बेत फसतो. लग्नानंतर संधी मिळताच ती शिळांच्या दिशेने चालायला लागते, तिथून इंग्रज शिपाई पकडतात, फोर्ट विल्यम, आणि त्यातूनच ते कुप्रसिद्ध २२वं प्रकरण. २५व्यात जेमी स्वतः तिला शिळांपाशी नेऊन सोडतो आणि ती दिवसभर विचार करून मागे फिरते. 'राहिली' म्हणून राग धरा, 'पळालीच नाही' म्हणू नका.

तिरकस

मान्य, पहिला मुद्दा मागे. लांडगा मात्र सोडणार नाही.

दप्तरखाना

ऐतिहासिक बाजू तपासायची तर काही गोष्टी चोख आहेत, काही ढळढळीत चुकलेल्या. क्रमाने नाही, आठवेल तसं लिहितोय.

चेटकिणीचा खटला. १७४३ मध्ये क्रेन्समुइर गावात दोन बायकांवर चेटुकाचा खटला चालतो आणि जाळण्याची शिक्षा होते. अशक्य. ब्रिटिश संसदेने १७३५ मध्ये कायदा करून चेटुक हा गुन्हाच रद्द केला, अंमल १७३६ पासून, स्कॉटलंडलाही लागू. त्यानंतर उलट 'मला जादू येते' असं भासवून लोकांना फसवणं हा गुन्हा झाला, शिक्षा वर्षभर कैद. स्कॉटलंडमधली शेवटची चेटकीण १७२७ मध्ये डॉर्नॉकला मारली गेली. आणखी एक: स्कॉटलंडमध्ये बहुतेकांना आधी गळा आवळून मारत, मग प्रेत जाळत. गावाने कायदा हातात घेऊन कोणाला ठेचून मारणं शक्य होतं. १७०५ मध्ये पिटनवीमला जमावाने जॅनेट कॉर्नफूटला तसंच मारलं. पण परीक्षक, साक्षी-पुरावे, वकील, शिक्षा हे सगळं साग्रसंगीत? नाही.

टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचं लोकरी कापड. लग्नात जेमी फ्रेझरांच्या लाल-काळ्या टार्टनमध्ये झळकतो आणि मॅकेन्झी हिरव्या-पांढऱ्यात. घराण्यागणिक ठरलेलं टार्टन ही एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याचा थाट मांडला आणि प्रत्येक घराण्याला 'आपलं' टार्टन हवंसं झालं. त्याआधी गावातला विणकर जे विणेल, जे रंग मिळतील ते. डेव्हिड मॉरिए याने कलोडनच्या लढाईचं (गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याचं बंड १७४६ मध्ये जिथे चिरडलं गेलं ती) चित्र काढलंय, त्यातल्या हायलँडरांच्या (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या लोकांच्या) अंगावर एकेकाच्याच कपड्यांत दोन-तीन नमुने आहेत.

साल. अमेरिकन आवृत्तीत गोष्ट १९४५ च्या वसंतात सुरू होते. युरोपातलं युद्ध ८ मे १९४५ ला संपलं, म्हणजे हे जोडपं जवळजवळ तोफा चालू असतानाच मधुचंद्राला. ब्रिटिश आवृत्तीत ते १९४६ केलं. तुमच्या हातात कुठली प्रत आहे त्यावर भांडण अवलंबून आहे.

चोख काय? हायलँडमधल्या सरदाराचा न्यायाधिकार. लिओखचा सरदार कॉलम दरबार भरवून निवाडे देतो, शिक्षा करतो. ते अधिकार वंशपरंपरागत होते आणि कलोडननंतरच्या कायद्याने गेले. खंड वसूल करत गावोगाव फिरणं, खंड पैशापेक्षा धान्य-कोंबड्यांत येणं, त्याच फेरीत कॉलमचा भाऊ डूगल याने जेमीची फटक्यांनी सोललेली पाठ दाखवून स्टुअर्टांसाठी वेगळी थैली भरणं, हे सगळं फार छान बसवलंय.

रच्याकने, शिळांबद्दल एक गंमत. ब्रिटनने ग्रेगोरियन पंचांग १७५२ मध्ये घेतलं, तोवर ११ दिवस मागे. क्लेअर बेल्टेनच्या सुमाराला जाते, बेल्टेन म्हणजे केल्टांचा १ मे चा सण. १९४५ चा १ मे हा १७४३ च्या लोकांच्या हिशोबाने २० एप्रिल. शिळा सूर्य बघून उघडत असतील तर पलीकडच्या गावात बेल्टेनला अजून ११ दिवस अवकाश. गावकऱ्यांची तिथी बघून उघडत असतील तर संसदेच्या कायद्याची प्रत शिळेला कोणी पाठवली?

गोधडी

@दप्तरखाना, पंचांगाचा मुद्दा वाचून हसू आवरेना. आपल्याकडे हा वाद लगेच दाते की टिळक पंचांग असा पेटला असता.

निवडुंग

आता २२व्या प्रकरणाकडे या, कारण निम्म्या लोकांनी पुस्तक तिथेच ठेवलंय.

थोडक्यात: जेमी तिला एका जागी थांबायला सांगतो, ती शिळांकडे निघते, पकडली जाते, तिला सोडवायला टोळीला फोर्ट विल्यमच्या किल्ल्यात घुसावं लागतं. परत आल्यावर सरायीत तो तिला पट्ट्याने मारतो. 'शिक्षा' म्हणून. ती ओरबाडते, लाथा घालते, खाली सगळ्यांना ऐकू जातं. दुसऱ्या दिवशी टोळीतले लोक तिच्याशी जास्त आपुलकीने वागतात. आणि लेखिका ह्या सगळ्याला विनोदाची फोडणी देते. मारहाण नाही, तिची चव मला खटकली. खलनायकाने फटके मारले की शंभर पानं काळोख आणि नायकाने मारले की गंमत?

पानगळ_५

पण त्या काळी तसंच होतं. १७४३ च्या पुरुषाने २०२० च्या पुरुषासारखं वागावं ही अपेक्षाच चूक. जेमी तसा वागला नसता तर तुम्हीच म्हणाला असता की आधुनिक माणूस स्कॉटिश घागऱ्यात, किल्टमध्ये, गुंडाळलाय.

दप्तरखाना

'त्या काळी तसंच होतं' हे एवढ्या सहज म्हणता येत नाही. इंग्लंडचा कायदेपंडित ब्लॅकस्टोन १७६५ मध्ये लिहितो की बायकोला 'माफक' शिक्षा करायचा नवऱ्याचा जुना हक्क राजा दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून संशयास्पद मानला जाऊ लागला होता, मात्र खालच्या थरातले लोक तो अजून गाजवतात. स्कॉटलंडमध्ये कर्क सेशन, म्हणजे चर्चची गावपंचायत, बायकोला मारणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करून फटकारायची, अशा नोंदी आहेत. म्हणजे मारहाण होत होती, तिला लोक नावंही ठेवत होते. दोन्ही एकाच वेळी.

निवडुंग

आणि माझा खरा आक्षेप पुढचा आहे. @दप्तरखाना यांनी वर दाखवलंय की लेखिकेने खटल्यासाठी रद्द झालेला कायदा सात वर्षं जिवंत ठेवला, टार्टन ऐंशी वर्षं पुढून आणलं. नाट्यासाठी इतिहास वाकवायला माझी हरकत नाही, कादंबरी आहे. पण मग पट्ट्याच्या प्रसंगाला 'काय करणार, इतिहासच तसा' म्हणता येत नाही. जिथे वाकवायचा तिथे वाकवलाय. इथे वाकवला नाही, कारण तिला तो प्रसंग हवा होता. तर मग प्रसंग म्हणूनच त्याचा हिशोब होऊ द्या.

मधली_सुट्टी

+१. हे फार नेमकं.

पानगळ_५

बरं, प्रसंग म्हणूनच बघू. तो वायफळ नाही. त्यानंतर जेमी आपल्या लहानपणच्या शिक्षांच्या गोष्टी सांगतो, त्याच्यासाठी शिक्षा म्हणजे काय हे कळतं. मग तिचा संताप बघून कट्यार हातात घेऊन शपथ घेतो की पुन्हा कधी हात उचलणार नाही. ती शपथ तो पाळतो. क्लेअरही सोडत नाही, त्याच्याच छातीला कट्यार लावून दम देते. दोन शतकांची टक्कर असलेल्या लग्नात एकदा तरी टक्कर दिसायलाच हवी होती. ती कापडाच्या रंगावरून झाली असती तर पुस्तक बुळबुळीत झालं असतं.

शेवंती_वाचते

मी पुस्तकाच्या बाजूची, पण इथे निवडुंगशी सहमत. टक्कर हवी होती, फोडणी नको होती. आणि 'तिने सगळ्यांचा जीव धोक्यात घातला' हा टोळीचा युक्तिवाद निवेदन जवळजवळ मान्य करून टाकतं. तिला घरी जायचं होतं एवढीच तिची चूक.

गोधडी

लग्नाच्या कारणाबद्दल कोणीच बोललं नाही. रँडलला क्लेअर चौकशीसाठी हवी आहे. टोळीचा वकील नेड गोवन तोडगा काढतो: तिचं एका स्कॉटशी लग्न लावा, म्हणजे ती स्कॉटिश होईल आणि इंग्रज अधिकाऱ्याला परस्पर उचलता येणार नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या १७०७ च्या एकीकरणानंतर दोघंही एकाच राजाची, एकाच राज्याची प्रजा. लग्नाने क्लेअरचं 'राष्ट्रीयत्व' बदलतं हा मुद्दा लंगडाच. हां, सरदाराच्या जमिनीवरची, त्याच्या न्यायाखालची बाई असं म्हटलं तर थोडा टेकू मिळतो. पण मग नुसता आसरा पुरला असता, पलंग मोडायची गरज नव्हती.

शिवाय स्कॉटिश कायद्यात लग्नाला चर्च लागतच नसे. दोघांनी साक्षीदारांपुढे 'आम्ही नवरा-बायको' म्हटलं की झालं. १९४० पर्यंत अशी लग्नं चालत. पण जेमीला पाद्री हवा, चर्च हवं, वधूला नवा पोशाख हवा. त्याने सगळं जमवून आणलं हे क्लेअरला हळूहळू कळतं. कायद्याने अनावश्यक, गोष्टीत सगळ्यात गोड.

तिरकस

सुटकेची सबब म्हणून लग्न ही प्रेमकथांची जुनी गुरुकिल्ली आहे. पण इतक्या गंभीर चेहऱ्याने वकील आणून वापरलेली पहिल्यांदाच बघितली.

काळा_कोट_लाल_डगला

वेंटवर्थच्या तुरुंगाबद्दल. ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी सूचना: ३५व्या प्रकरणात तुरुंग सुरू होतो. रँडल जेमीचे जे हाल करतो, त्यात बलात्कारही आला, ते एका झटक्यात येत नाहीत. ३९व्यापर्यंत जेमीच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी उलगडतात. त्यामुळे 'तेवढं एक प्रकरण गाळते' हा उपाय चालत नाही. ३५ ते ३९ सगळंच जड आहे. सोसवत नसेल तर ३४ ला थांबा आणि ४१वं वाचा, कथेचा धागा लागतो.

वाङ्मयीन बाजू: नायकावर असा अत्याचार आणि त्याचा परिणाम शंभर पानं न झटकता दाखवणं १९९१ च्या प्रेमकथेत धाडसाचंच होतं. नायिकेवर हे ढिगाने व्हायचं आणि पुढच्या पानावर विसरलं जायचं. इथे जेमी जेवत नाही, ताप चढतो, स्पर्श चालत नाही, मरायला निघतो. खटकतं ते दुसरंच. पुस्तकात पुरुषांची ओढ असलेले दोन पुरुष: एक रँडल, दुसरा सँडरिंगहॅमचा ड्यूक. एक क्रूर, एक लंपट आणि हास्यास्पद. तिसरा नाही. हा आरोप जुना आहे आणि बरोबर आहे.

रहस्यभेद (पुढची पुस्तकं): लॉर्ड जॉन ग्रे आल्यावर हे बऱ्यापैकी सुधारतं. पण पहिल्या पुस्तकाचा निकाल पहिल्यावरच.

आणि ती अफूच्या धुरातली मठातली 'उपचारपद्धती', क्लेअर रँडलचं सोंग घेऊन जेमीला झुंजायला लावते ती, @सांधेजोड किंवा कोणी मानसोपचारातल्यांनी मत द्यावं.

सांधेजोड

माझं खातं हाडांचं. पण तापाने फणफणलेल्या, हाताची हाडं चुरलेल्या, जखमा चिघळलेल्या माणसाला अफू देऊन कुस्ती खेळवणं हे १७४३ मध्येही कोणी सुचवू नये. हाताची शस्त्रक्रिया मात्र मन लावून लिहिली आहे. एकेक बोट, एकेक हाड, खपच्या. ती पानं वाचनीय.

दुर्बीण

पुस्तक मधेच प्रेमकथा, मधेच साहस, मधेच छळछावणी का होतं, याचं एक कारण ते लिहिलं कसं त्यात आहे. गॅबाल्डन मूळच्या परिस्थितिकी विषयातल्या पीएचडी. कादंबरी कशी लिहितात हे शिकण्यासाठी सरावाचं म्हणून लिहायला घेतलं, छापायचा विचार नव्हता. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या जुन्या भागात घागरा घातलेला एक स्कॉट तरुण दिसला, नाव जेमी. तिथून अठरावं शतक ठरलं. मग क्लेअर पहिल्याच प्रसंगात इतकी आधुनिक बोलायला लागली की तिला आधुनिकच ठेवलं आणि कालप्रवास नंतर बसवला. लिहायची पद्धतही अशी: आराखडा नाही, सुचेल तो प्रसंग आधी, नंतर जोडकाम. गोधडी म्हणा हवं तर (आयडीवाल्यांनी रागावू नये).

म्हणूनच शिळांचं तर्कशास्त्र पहिल्या पुस्तकात जवळजवळ नाही. आवाज, गुणगुण, चक्कर, धप्प. विज्ञानकथा म्हणून वाचाल तर निराश व्हाल. शिवाय अशी वर्तुळं केल्टांची नाहीत, त्यांच्या कितीतरी आधीची. कलोडनजवळची क्लाव्हाची दगडी वर्तुळं चार हजार वर्षांपूर्वीची. क्रेग ना डून ही टेकडी मात्र काल्पनिक. लोक इनव्हर्नेसला जाऊन पत्ता विचारतात म्हणून सांगितलं.

गोधडी

आयडीवाली रागावलेली नाही, उलट घागऱ्याबद्दल लिहायचंच होतं. तो आजचा शिवलेला किल्ट नव्हे, मोठा प्लेड. माग अरुंद, पंचवीस-तीस इंचांचा, म्हणून साधारण नऊ वार कापड विणून मधोमध कापायचं आणि दोन तुकडे लांबीला लांबी जोडायचे: साडेचार वार लांब, दीडेक वार रुंद. नेसायची रीत: पट्टा जमिनीवर, त्यावर कापड, मधल्या भागाला हाताने चुण्या, दोन्ही टोकं सपाट सोडायची. त्यावर आडवं पडायचं, खालची कड गुडघ्याशी, टोकं एकावर एक पोटावर घ्यायची, पट्टा बांधून उठायचं. वरचा राहिलेला अर्धा खांद्यावर टाचायचा, पावसात डोक्यावर, रात्री अंगावर. नऊ वार, न शिवलेलं, चुण्या, दिवसा वस्त्र, रात्री पांघरूण. आपली नऊवारी आठवली नाही तर नवल. काष्टा तेवढा नाही, आणि त्याची उणीव पुस्तकात दोन-तीनदा जाणवते.

दप्तरखाना

महाराष्ट्राशी खरा दुवा हवा असेल तर असई. जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३, इंग्रज सेनापती वेलस्लीविरुद्ध शिंदे आणि भोसले. वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. ७४वी असई गावाच्या तोफांसमोर भरडली गेली. ७८वी पलटण १७९३ मध्ये उभी केली ती सीफर्थच्या मॅकेन्झीने. लढाईची आठवण म्हणून दोन्ही पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं. कादंबरीतल्या डूगल मॅकेन्झीच्या पिढीची गावं कलोडनला राजाविरुद्ध लढली, त्यांचे नातू त्याच राजाच्या नातवाच्या डगल्यात असईला. कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ची, तासभरसुद्धा चालली नाही.

पानगळ_५

हे भारी. कादंबरीतला 'तीन वर्षांनी हे सगळे मरणार' हा क्लेअरच्या डोक्यावरचा टांगता दगडच मला पुस्तकाचा कणा वाटतो. जेवणाच्या पंगतीत बसलेला प्रत्येक जण तिला प्रेत दिसतो. जेमीच्या घरी, लालीब्रॉखला, ती नणंदेला सांगते, बटाटे लाव. एवढंच तिच्या हातात.

मधली_सुट्टी

वाचायला घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पहिल्या ५०-६० पानांत जवळजवळ काही घडत नाही: वंशावळी, फुलं, चहा. फ्रँकचं रँडलवरचं संशोधन मात्र नीट वाचा, पुढे तेच क्लेअरच्या कामी येतं. ऐकायचं असेल तर डेव्हिना पोर्टर यांचं वाचन घ्या, बत्तीस तासांच्या आसपास आहे. नावांच्या उच्चारांचा प्रश्नच मिटतो. लिअरी ही मुलगी इंग्रजीत कशी लिहितात ते बघितलं तर तुम्ही तिला शेवटपर्यंत लाओघेर म्हणाल.

पैलतीर_भाषांतर

उच्चारांवरून आठवलं. हे मराठीत आणायचं झालं तर काय कराल? टोळीवाल्यांची बोली इंग्रजीत सतत ठसठसते. मालवणी वापरली तर हायलँडर वेंगुर्ल्याचे होतात, वऱ्हाडी वापरली तर अकोल्याचे. माझ्या मते बोली आणूच नये. आठ-दहा शब्द आणि वाक्याची ठेवण ग्रामीण, बस.

'सासनाख'चं काय? अर्थ इंग्रज, परका. सुरुवातीला हिणवणी, पुढे जेमीच्या तोंडी लाडाचं नाव. 'परकी' ठेवलं तर पहिल्या वापराला ठीक, पण लाडात 'ए परकी' नाही म्हणवत. 'गोरी' तर नकोच, एकदम लावणी सुरू होते.

तिरकस

सासनाख तसंच ठेवा. साडेआठशे पानांत वाचकाला सवय होते, जेमीची झाली तशी.

पैलतीर_भाषांतर

ठीक. पण खरा पेच 'तू' आणि 'तुम्ही'चा. इंग्रजीत एकच शब्द, मराठीत प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. क्लेअर सत्तावीस, जेमी तेवीस. जखम बांधताना ती त्याला 'तू' म्हणेल, परिचारिका जशी कुठल्याही शिपायाला म्हणते. तो तिला 'बाई', 'तुम्ही'. लग्नाच्या रात्री, दोघं नुसतं बोलत बसतात तेव्हा, तो 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला हवा, आणि ते त्यालाच पहिल्यांदा जड जायला हवं. कॉलमला सगळ्यांनी 'आपण'.

निवडुंग

आणि २२ मध्ये?

पैलतीर_भाषांतर

२२ मध्ये पट्टा उचलतानाही तो 'तू'च म्हणेल. 'तुम्ही' क्लेअर म्हणेल. दुसऱ्या सकाळपासून, घोड्यावर, सगळ्यांसमोर: 'तुम्ही पुढे व्हा.' कट्यारीच्या शपथेनंतरही लगेच नाही. दोन पानांनी, कुठल्यातरी फालतू वाक्यात, पाणी दे वगैरे, परत 'तू'.

निवडुंग

असं केलंत तर विनोदाची फोडणी आपोआप उतरेल. मूळ वाक्याला हात न लावता.

पैलतीर_भाषांतर

फ्रँकचं अजून अडलंय. १९४५ चं इंग्रज जोडपं, सात-आठ वर्षांचं लग्न, त्यातली बरीचशी युद्धात लांब राहून गेलेली. 'तू' म्हटलं तर फार जवळचं वाटतं, 'अहो' म्हटलं तर सदाशिव पेठ.

तिरकस

फ्रँकला कोणी हाक मारतंच कुठे.